वाचकांचे प्रश्न : नॉर्थ कॅरोलायनात गव्हर्नरबरोबर आणखी नऊ जण निवडायचे, ते कसे?

प्रश्न : आम्ही दोघं आता अमेरिकेचे नागरिक झालो आहोत. राज्याच्या पदांसाठी आमचं पहिलं मतदान २०२८ साली होईल. गव्हर्नर ठीक आहे, पण विमा आयुक्त, कामगार आयुक्त, ऑडिटर यांनाही आपणच निवडायचं? माहितीच नसेल तर त्या जागा कोऱ्या सोडल्या तर चालतील का?

उत्तर : कोऱ्या सोडल्या तर बाकीची मतं बाद होत नाहीत, ती मोजली जातातच. तरीही सोडू नका, असं आम्ही कळकळीने सांगू.

आधी एक गोंधळ दूर करू. गव्हर्नर म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला, कारभार चालवणारा प्रमुख असतो. पण इथे तो इतर खात्यांचे मंत्री मर्जीने नेमतो आणि मर्जीने काढतो, असंही नाही. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे उपगव्हर्नर), ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट, ऑडिटर, ट्रेझरर, शिक्षण अधीक्षक, कृषी आयुक्त, कामगार आयुक्त आणि विमा आयुक्त अशी दहा पदं राज्यभरातल्या मतांनी स्वतंत्रपणे भरली जातात. मुदत चार वर्षांची आणि निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीच्याच दिवशी. ‘आयुक्त’ या शब्दाने फसू नका. हा बदलीवर आलेला अधिकारी नसतो, मतं मागून आलेला माणूस असतो.

या पदांनी घरखर्चावर काय फरक पडतो ते विमा आयुक्ताच्या उदाहरणावरून कळेल. घराच्या विम्याचे दर वाढवायचे असले की कंपन्यांच्या वतीने रेट ब्युरो प्रस्ताव पाठवतो. जानेवारी २०२४ मध्ये सरासरी ४२.२ टक्के वाढ मागितली होती. आयुक्त माइक कॉझी यांनी ती नाकारली आणि प्रकरण सुनावणीला गेलं. जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली : जून २०२५ पासून सरासरी ७.५ टक्के आणि जून २०२६ पासून आणखी ७.५ टक्के. मतपत्रिकेवरच्या त्या ‘अनोळखी’ ओळीची किंमत प्रत्येक घराच्या हप्त्यात दिसते.

कामगार आयुक्ताच्या खात्याकडे लिफ्टची तपासणी असते. शेरी बेरी २००१ ते २०२१ या पदावर होत्या. तपासणीच्या प्रमाणपत्रावर त्यांचा फोटो छापलेला असे आणि ते प्रमाणपत्र लिफ्टमध्ये लावलेलं असे. राज्यात त्यांना ‘लिफ्टवाल्या बाई’ म्हणूनच ओळखत. चेहरा घराघरात पोचला, पण त्यांचं काम नेमकं काय, हे विचारलं तर बरेच जण अडखळत.

ऑडिटरचं पद तर बहुतेकांना हिशेबतपासणीपुरतंच वाटायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या जागेवर रिपब्लिकन डेव्ह बोलिक निवडून आले. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने गव्हर्नरांचा व्हेटो मोडून कायदा केला आणि राज्य निवडणूक मंडळावरच्या नेमणुका गव्हर्नरांकडून काढून ऑडिटरकडे दिल्या. कोर्टकचेरी झाली, पण मे २०२५ मध्ये बदल अमलात आला. म्हणजे ज्यांनी ती ओळ कोरी सोडली, त्यांनी निवडणुका चालवणारं मंडळ कोण नेमणार हेही नकळत दुसऱ्यांवर सोपवलं.

पूर्वी एकाच खुणेने संपूर्ण पक्षाला मत देता येत असे. २०१३ च्या कायद्याने ती सोय काढून टाकली. आता प्रत्येक पदापुढे वेगळी खूण करावी लागते, आणि लोक ती खरोखर विचार करून करतात. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्य ट्रम्प यांच्याकडे गेलं, त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नरपदी डेमोक्रॅट जॉश स्टाइन जवळपास १५ टक्क्यांच्या फरकाने निवडून आले. दहा पदं अखेर दोन्ही पक्षांत पाच-पाच अशी विभागली गेली.

प्रश्न : गव्हर्नर एका पक्षाचा आणि लेफ्टनंट गव्हर्नर दुसऱ्याच पक्षाचा, असं कसं होतं?

उत्तर : राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्राध्यक्षांसारखी इथे जोडी नसते. दोघांना मतं वेगवेगळी पडतात. २०२१ ते २०२४ अखेर गव्हर्नर डेमोक्रॅट रॉय कूपर होते आणि लेफ्टनंट गव्हर्नर रिपब्लिकन मार्क रॉबिन्सन. एरवी लेफ्टनंट गव्हर्नर राज्याच्या सिनेटच्या (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या) अध्यक्षस्थानी बसतो आणि बरोबरी झाली तरच मत देतो. खरी मेख राज्यघटनेतल्या एका तरतुदीत आहे : गव्हर्नर राज्याबाहेर असला की कार्यभार लेफ्टनंट गव्हर्नरकडे जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कूपर जपानला गेले होते, तेव्हा रॉबिन्सन यांनी हंगामी गव्हर्नर म्हणून पत्रकार परिषद घेऊन इस्रायलच्या समर्थनाची घोषणा केली. पुढच्या वर्षी कूपर यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून नाव मागे घेतलं, त्यामागेही ही तरतूद हे एक कारण होतं.

प्रश्न : आम्ही कोणत्याच पक्षाचे नाही. प्रायमरीत आम्हाला मत देता येतं का? आणि ‘दुसरी प्रायमरी’ म्हणजे काय?

उत्तर : देता येतं. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक. नोंदणी ‘अनॲफिलिएटेड’ असेल तर केंद्रावर कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागा. दोन्ही मिळत नाहीत. ज्यांची नोंदणी एखाद्या पक्षात आहे, त्यांना दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येत नाही.

प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. पहिल्या क्रमांकाला ३० टक्क्यांहून थोडी जरी जास्त मतं मिळाली की उमेदवारी पक्की. तेवढी मिळाली नाहीत तरी दुसरी फेरी, म्हणजेच ‘दुसरी प्रायमरी’, आपोआप होत नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने ती मागावी लागते. मार्च २०२४ च्या प्रायमरीनंतर रिपब्लिकन पक्षात लेफ्टनंट गव्हर्नर आणि ऑडिटर या पदांसाठी अशी फेरी १४ मे रोजी झाली. वर उल्लेख केलेले बोलिक ऑडिटरची उमेदवारी याच फेरीत जिंकले. दुसऱ्या फेरीला फार थोडे मतदार येतात, त्यामुळे तिथल्या एका मताचं वजन बरंच वाढतं.

प्रश्न : मतदानात नवख्या माणसाच्या हातून कोणत्या चुका होतात?

उत्तर : सगळ्यात महागात पडणारी चूक मतदानाच्या आधीच होते. ग्रीन कार्ड आहे म्हणून मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही करू नका, कोणी आग्रह केला तरी. मतदान फक्त नागरिकांसाठी आहे, आणि बिगर-नागरिकाने नोंदणी केली तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतो, देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

नागरिक असाल तर निवडणुकीच्या किमान २५ दिवस आधी नोंदणी करा. ती तारीख हुकली तर अर्ली व्होटिंगच्या (निवडणुकीच्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देण्याच्या) काळात पत्त्याचा पुरावा दाखवून त्याच जागी नोंदणी आणि मतदान दोन्ही होतं. निवडणुकीच्या दिवशी मात्र ही सोय नसते. अर्ली व्होटिंगला आपल्या कौंटीतलं (जिल्ह्यातलं) कुठलंही केंद्र चालतं, निवडणुकीच्या दिवशी आपलंच. केंद्र सकाळी ६:३० ते संध्याकाळी ७:३० उघडं असतं. ७:३० ला रांगेत उभे असाल तर हलू नका, तुमचं मत घेतलंच जातं. फोटो ओळखपत्र लागतं.

टपालाने मत देणाऱ्यांची पाकिटं तीन ठिकाणी अडतात : दोन साक्षीदारांच्या (किंवा एका नोटरीच्या) सह्या नसणं, ओळखपत्राची झेरॉक्स न जोडणं, आणि उशीर. पूर्वी निवडणुकीच्या दिवसाचा पोस्टाचा शिक्का असला की पुढचे तीन दिवस पाकीट चालत असे. आता ते त्या दिवशी संध्याकाळी ७:३० पर्यंत कौंटीच्या निवडणूक कार्यालयात पोचलंच पाहिजे. परदेशात असलेल्या नागरिकांसाठी नियम वेगळे आणि जरा सैल आहेत.

प्रश्न : भारतात जन्मलेला माणूस तिथे गव्हर्नर होऊ शकतो का?

उत्तर : हो. जन्माने नागरिक असण्याची अट राष्ट्राध्यक्षाला आहे, गव्हर्नरला नाही. वय ३० पूर्ण, अमेरिकेचं नागरिकत्व ५ वर्षांचं आणि राज्यात वास्तव्य २ वर्षांचं असावं लागतं. ॲटर्नी जनरलला वकिलीची सनद हवी. पक्षाच्या प्रायमरीसाठी अर्ज आदल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये भरायचा. अर्ज भरण्याआधी किमान ९० दिवस त्या पक्षात नोंदणी झालेली असली पाहिजे, आणि बरेच हौशी इथेच बाद होतात. शुल्क त्या पदाच्या वार्षिक पगाराच्या १ टक्का असतं. हे डिपॉझिट नव्हे, भरपूर मतं मिळाली म्हणून परत मिळत नाही.

प्रश्न : निकाल अगदी घासून लागला तर?

उत्तर : राज्यभरच्या पदासाठी फरक ०.५ टक्के किंवा १०,००० मतं, यांतला जो आकडा लहान असेल त्याच्या आत असला तर हरलेला उमेदवार फेरमोजणी मागू शकतो. २०१६ मध्ये कूपर गव्हर्नरपदी जिंकले ते १०,२७७ मतांनी, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम वर. तरी डरॅम कौंटीतली सुमारे ९४,००० मतं तक्रारीवरून पुन्हा मोजावी लागली, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी पॅट मॅक्रोरी यांनी ५ डिसेंबरला पराभव मान्य केला.

फेरमोजणीला अर्थ मात्र पुन्हा मोजायला काही शिल्लक असेल तरच. २००४ मध्ये कृषी आयुक्तपदासाठी स्टीव्ह ट्रॉक्सलर आणि ब्रिट कॉब यांच्यात २,२८७ मतांचा फरक होता. कार्टरेट कौंटीत अर्ली व्होटिंगला कागद नसलेलं यंत्र वापरलं होतं. त्यात १०,५०० मतं मावतात अशी समजूत होती, प्रत्यक्षात मावत होती ३,००५. त्यापुढे लोक मत देत राहिले आणि यंत्र काहीच साठवत नव्हतं. ४,४३८ मतं कायमची गेली, फरकाच्या जवळजवळ दुप्पट. फेरनिवडणूक एका कौंटीत घ्यायची की राज्यभर, यावर वाद रंगला आणि कॉब यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये पराभव मान्य केल्यावरच ट्रॉक्सलर यांना पद मिळालं. त्याच वर्षी राज्याने प्रत्येक मताचा कागद असलाच पाहिजे असा कायदा केला.

म्हणून पेनाने गोल पूर्ण भरा, बरोबरची खूण किंवा नुसती रेघ नको. एकाच पदापुढे दोन गोल भरले गेले तर त्या पदाचं मत मोजलं जात नाही. खाडाखोड करत बसू नका. ती मतपत्रिका परत द्या आणि नवी मागून घ्या.