बीएएसएलपीनंतर नोकरी की एम.एस्सी.?

ताई, तुमची मुलगी बीएएसएलपीच्या, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर उपचार शिकवणाऱ्या पदवीच्या, इंटर्नशिपला आहे. अकोल्यातल्याच एका थेरपी सेंटरवर नोकरी चालून आली आहे, पण ती एम.एस्सी. करायची म्हणते. ‘हातात नोकरी असताना आणखी दोन वर्षं कशाला?’ असं तुम्ही विचारलंय.

कायद्याने काहीच अडत नाही. पदवीनंतर आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी झाली की तिला स्वतंत्रपणे काम करता येतं. तरीही मी मुलीच्या बाजूने आहे.

पदवीला कान आणि वाचा दोन्ही शिकवतात. एम.एस्सी.ला वाटा वेगळ्या होतात, एक ऑडिओलॉजीची आणि एक स्पीचची. तिला स्पीच घ्यायचंय. छोट्या सेंटरवर मुख्यतः उशिरा बोलणारी मुलं येतील. पण पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा, कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलेला माणूस, घास गिळताना ठसका लागणारा पेशंट, हे तिला मोठ्या रुग्णालयातच भेटतील. गिळण्याच्या बाबतीत अंदाज चुकला तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हे काम अनुभवी माणसाच्या नजरेखालीच शिकावं.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली ओळ. वऱ्हाडी बोलते म्हणून तिला मुंबईला जायचा संकोच वाटतो! अहो, तिची खरी पुंजी तीच आहे. वऱ्हाडात एखादं मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणालं तर तो दोष नाही, त्याच्या घरात तसंच बोलतात. पुण्यातल्या घरातलं सहा वर्षांचं मूल तसं म्हणालं, तर मात्र तपासावं लागेल. हा फरक ज्याला कळत नाही, तो थेरपिस्ट अकोल्याच्या मुलाकडून महिनोन्‌महिने ‘ळ’ घोटून घेईल आणि आईबापांचे पैसे जातील. मराठीत तयार चाचण्या इंग्रजीच्या मानाने फार थोड्या आहेत, बोलींचा विचार करणाऱ्या तर त्याहून कमी. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने हाच विषय धरावा, असं मला मनापासून वाटतं.

म्हैसूरची १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था नावाजलेली आहे आणि तिथे प्रवेश मिळणं मोठीच गोष्ट. पण तिथले बरेचसे पेशंट कन्नड बोलणारे. म्हणून मी आधी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाशी जोडलेलं टोपीवाला महाविद्यालय पाहीन, मग पुण्याचं भारती विद्यापीठ.

अमेरिकेतल्या मामांचं म्हणणंही तुम्ही कळवलंय. तिथे या कामासाठी मास्टर्सच लागते, शिवाय शिकताना ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव. म्हणजे पुढेमागे तिकडे जायचं ठरलं तरी इथली एम.एस्सी. उपयोगीच पडेल.

सेंटरवाल्यांना स्पष्ट सांगा, प्रवेशाचा निकाल लागेपर्यंतच येते. आणि अर्ज भरण्याआधी, परवानगी मिळाली तर तिला एक दिवस नायरच्या ओपीडीत बसून येऊ द्या.