आई लातुरात धुणीभांडी करते. एक खाडा झाला तरी पगार कापतात. कायद्यानं सुट्टी मिळते का?

भरपगारी सुट्टी द्यायलाच हवी, असं 2008 च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमात नाही. तो कायदा नोंदणी आणि कल्याणाच्या मदतीपुरता आहे. त्यामुळे खाडे धरायचे की नाही, हे अजूनही घरमालकिणीच्या मर्जीवर चालतं. माझ्या मते हा सरळ अन्याय आहे.

म्हणून काम धरतानाच बोलून घ्यायचं: महिन्याला सुट्ट्या किती, दिवाळीला काय, पाहुणे आले तर जादा भांड्यांचे किती. आपल्याकडं उन्हाळ्याचंही बोलावं लागतं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं की धुणं साचतं, पाणी आलं की ते एकदम निघतं, वर घरातली पिंपं भरून द्यायची अपेक्षा. पगार तोच! एकटीनं वाढ मागितली तर दुसरी बाई बघतात. गल्लीतल्या चौघींनी मिळून एकच दर सांगितला तर ऐकावं लागतं.

आईचं वय 18 ते 60 मध्ये असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात नोंदणी कराच. बाळंतपणाला, अंत्यविधीला मदत अशा मंडळाच्या योजना नोंदणी असेल तरच मिळतात. घरमालकाचं प्रमाणपत्र मागतात. ते द्यायला लोक बिचकतात, तरी पुन्हा पुन्हा मागा.

आणि कुणी अंगचटीला आलं तर गप्प बसू नका. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते.