चीन आणि जपानच्या लाकडी लगद्याच्या आयातमूल्याची तुलना कशी करावी?

तुम्ही म्हणताय की दोन्ही देशांच्या लगद्याच्या आयातमूल्याचा वर्षवार आलेख काढला, चीनची रेघ आभाळाला भिडली, जपानची तळाशीच राहिली. तर जपानचा कागदउद्योग आटला असं म्हणायचं का?

एवढ्यावरून तरी नाही. मीही सुरुवातीला हीच चूक केली होती. जपानी गिरण्या लगद्यापेक्षा लाकडाच्या चिप्स, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे, जास्त आणतात. व्हिएतनाम, ऑस्ट्रेलिया, चिली इथून जहाजं भरून चिप्स येतात आणि लगदा जपानमध्येच शिजतो. सीमाशुल्काच्या वर्गवारीत चिप्स 4401 क्रमांकाच्या खान्यात आणि लगदा 47 व्या प्रकरणात, म्हणजे 47 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांत, त्यामुळे तुमच्या आलेखात ते लाकूड दिसतच नाही. चीनही चिप्स घेतो, म्हणून दोघांच्याही चिप्स शेजारी मांडा.

दुसरं, तुम्ही अख्खं 47 वं प्रकरण बेरजेत धरलंय का ते तपासा. त्यात 4707 म्हणजे रद्दी असते, आणि चीन वर्षानुवर्षं रद्दीचा सर्वात मोठा गिऱ्हाईक होता. 2017 पासून त्याने निर्बंध आवळत नेले आणि 1 जानेवारी 2021 पासून घनकचऱ्याची आयातच बंद केली. मग रद्दीचा बाहेरच लगदा करून तो 4706 खाली येऊ लागला. माल जवळपास तोच, खाना बदलला! लाकडी लगदाच हवा असेल तर 4701 ते 4705 एवढंच घ्या. त्यातही 4702 वेगळा काढलेला बरा, कारण त्या लगद्याचा कागद होत नाही, मुख्यतः व्हिस्कोस हा कापडाचा धागा होतो.

आता किंमत. मूल्य म्हणजे टन गुणिले भाव, आणि लगद्याचा भाव भलताच चंचल. फेब्रुवारी 2010 मध्ये चिलीत भूकंप झाला, तिथल्या गिरण्या बंद पडल्या आणि जगभर भाव चढले. अशा वर्षी रेघ वर गेली म्हणजे माल जास्त आला असं नव्हे. म्हणून मूल्याला वजनाने भागून दर टनाचा भाव काढाच. अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात मूल्य हजार डॉलरमध्ये असतं, त्यामुळे भागाकार 0.65 आला तर भाव टनाला 650 डॉलर. एखाद्या वर्षी मध्येच 6.5 दिसला तर ती ओळ चुकलेली समजा. माझ्या मते हा एक भागाकार बाकी सगळ्या हुशारीपेक्षा जास्त चुका पकडतो.

चलनाचं लोक उलटं समजतात. लगद्याचे सौदे बहुतेक डॉलरमध्येच होतात, त्यामुळे डॉलरमधली मालिका त्या मानाने सरळ असते. घोळ होतो तो येनमध्ये. सप्टेंबर 1985 मध्ये डॉलर 240 येनच्या आसपास होता, 1987 च्या अखेरीस 120 च्या जवळ. म्हणजे 10 कोटी डॉलरचा लगदा 24 अब्ज येनवरून 12 अब्जांवर येतो, गठ्ठा एकही कमी न होता.

आलेखाला डावा-उजवा असे दोन उभे अक्ष देऊ नका, हव्या तिथे रेघा छेदवता येतात. एकच अक्ष ठेवा, तोही लॉग मापाचा, म्हणजे दर पायरीला आकडा ठरावीक पटीने वाढणारा, आणि मूल्याच्या आलेखाखाली टनांचा दुसरा आलेख लावा.