मोटरहोम कॅम्पवर उभी केल्यावर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी कोणत्या क्रमाने करावी?

भाड्याची मोटरहोम घेऊन पुण्याहून पवना धरणाच्या काठी मुक्कामाला जायचे आहे, तर तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी कशी करावी आणि त्यात धोका नेमका कुठे असतो, असे आपण विचारले आहे. मावळ आणि मुळशीच्या बाजूला मी कुटुंबासह अशी गाडी घेऊन जात असतो, त्यामुळे तिकडची परिस्थिती धरूनच लिहितो. परदेशी व्हिडिओंमध्ये गाडीच्या प्रत्येक जागेशेजारी तिन्ही सोयींचा खांब दिसतो. आपल्याकडचे बहुतेक कॅम्प मात्र तंबूंसाठी उभारलेले असल्याने भिंतीवरचा एखादा सॉकेट, बागेचा नळ आणि शौचालयाची सेप्टिक टाकी एवढ्यावरच भागवावे लागते. म्हणून जागा ठरवतानाच मालकांना तीन गोष्टी विचाराव्यात: १६ अँपिअरचा सॉकेट गाडीपासून किती लांब आहे, त्याला अर्थिंग आहे का, आणि गाडीतला मैला त्यांच्या सेप्टिक टाकीत ओतू देतील का.

पोहोचल्यावर आधी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. त्याआधी कोणतीही केबल किंवा पाइप जोडू नये.

सगळ्यात जास्त काळजी विजेची घ्यावी, आणि त्यातही अर्थिंगची. मोटरहोम रबरी टायरवर उभी असते, म्हणजे तिचा लोखंडी सांगाडा जमिनीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेला असतो. गाडीतल्या गीझरमधून किंवा एखाद्या सोललेल्या वायरमधून गळती झाली आणि सॉकेटला अर्थिंग नसेल, तर संपूर्ण सांगाड्यात वीज येते. आतल्या माणसाला काहीच जाणवत नाही, पण ओल्या गवतावर अनवाणी उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्या मुलाच्या शरीरातून ती जमिनीत जाते. सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणून त्यामागे अर्थिंगची वायर असेलच, असे धरून चालू नये. मल्टिमीटरने पाहिल्यास फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसले पाहिजेत. मल्टिमीटर वापरायची सवय नसेल तर तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घ्यावा. अर्थ नसणे आणि फेज-न्यूट्रल उलटे असणे तो लगेच दाखवतो, मात्र अर्थिंग किती चांगले आहे हे त्याला कळत नाही. अर्थ नाही असे दिसले तर जोडणी करू नये आणि ती रात्र गाडीच्या बॅटरीवर, दिवे-पंख्यापुरती काढावी. नळाच्या पाइपला वायर बांधून देतो असे कुणी म्हणाले तरी ऐकू नये, कारण हल्ली ते पाइप प्लास्टिकचे असतात.

गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच पाहावे आणि कॅम्पवर वीज आल्यावर त्याचे टेस्ट बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी. केबल तीन कोअरची, तांब्याची आणि २.५ चौरस मिलिमीटरची असावी, आणि गुंडाळीवरून पूर्ण उलगडलेली असावी, कारण गुंडाळलेली केबल जास्त भार आला की तापून वितळते. जोडताना गाडीतला मुख्य एमसीबी (जास्त भार आला की पुरवठा तोडणारा स्विच) बंद ठेवून केबल आधी गाडीला आणि मग सॉकेटला लावावी, म्हणजे हातातले टोक जिवंत राहत नाही. त्यानंतर सॉकेट, मग एमसीबी आणि शेवटी एकेक उपकरण सुरू करावे. १६ अँपिअरवर कागदोपत्री सुमारे ३,६८० वॅट मिळतात, पण २,००० वॅटचा गीझर आणि तेवढीच इंडक्शन शेगडी एकत्र लावली की ती मर्यादा ओलांडली जाते. शिवाय संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज उतरते, आणि ते २०० च्या खाली गेले तर मी एसी लावत नाही. मावळातला पाऊस लक्षात घेता केबलचा सांधा जमिनीवर ठेवू नये आणि गाडीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी जोडणीत न जाता खाली गळते.

पाण्याचे काम सोपे आहे. कॅम्पची टाकी तीन मीटर उंच असेल तर नळाला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो, त्यामुळे थेट जोडण्यापेक्षा गाडीची टाकी भरून गाडीतलाच पंप वापरावा. प्रेशर पंपाची लाइन असेल तर मात्र दाब कमी करणारा रेग्युलेटर लावल्याशिवाय जोडू नये. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवावा, आधी थोडे पाणी वाहू द्यावे, आणि टाकी भरल्याशिवाय गीझर सुरू करू नये.

मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंद ठेवावा. तो उघडा राहिला तर पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला तळाशी वाळतो. टाकी बरीच भरल्यावर आधी ती रिकामी करावी आणि मग स्वयंपाक-अंघोळीचे पाणी सोडावे, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. सेप्टिक टाकीत ओतायचे असेल तर फॉर्मालिनयुक्त रसायन वापरू नये, कारण त्याने तिथले जिवाणू मरतात. परवानगी मिळाली नाही तर टाकी तशीच बंद ठेवून गाडी परत आणावी आणि गाडीच्या मालकांकडे रिकामी करावी. काठावर किंवा ओढ्यात काहीही सोडू नये, अगदी भांड्यांचे साबणाचे पाणीसुद्धा नाही, कारण पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला आणि पानशेत-वरसगावचे पुण्याला पिण्यासाठी येते.

निघताना उपकरणे, एमसीबी आणि सॉकेट या क्रमाने बंद करून केबल आधी सॉकेटमधून काढावी, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि ठोकळे सर्वांत शेवटी काढावेत.