नेटवर्कला मराठीत काय म्हणायचं: जाळं, साखळी, गोतावळा का गाठीभेटी?

भाऊ, तू शेतकरी कंपनीच्या ट्रेनिंगची पुस्तिका मराठीत करतोय, त्यात नेटवर्क आणि नेटवर्किंग हे दोन शब्द पानापानावर येतात, आणि तू पहिल्याला सगळीकडे 'जाळे' अन दुसऱ्याला 'सामाजीकरण' लिहून ठेवलं, बरोबर आहे का असं विचारलं. मी भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखांदूरकडे बरीच वर्षं बचत गटाच्या ट्रेनिंगा घेते, हेच शब्द मलाही रोज लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सामाजीकरण आधी काढून टाक. तो समाजशास्त्रातला शब्द आहे, लहान लेकरू घरात, शाळेत, मोहल्ल्यात राहून समाजाच्या रीतीभाती शिकते त्याला सामाजीकरण म्हणतात. चार लोकांत मिसळणं, ओळखी वाढवणं याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि कास्तकाराला तर तो शब्द वाचून काहीच कळणार नाही.

आता जाळं. शब्द चांगला आहे, रस्त्यांचं जाळं, रेल्वेचं जाळं आपण म्हणतोच. पण माणसांसाठी वापरताना जपून. एकदा मी मीटिंगमध्ये बायांना म्हटलं, आपण आपलं जाळं विणलं पाहिजे, तर मागून एक म्हातारी आई म्हणाली, "कोनाले फसवाचं हाय बाई?" आणि तिचं बरोबर होतं. मराठीत जाळं टाकतात, जाळ्यात ओढतात, जाळ्यात अडकतात, जंजाळ तर नकोच असते कोणाला. म्हणजे वस्तू एकमेकीला जोडलेल्या असल्या तर जाळं चालते, पण माणसं जाळ्यात आली म्हटलं का त्यात मासा कोण आणि ढिवर (मासेमार) कोण हा प्रश्न येतोच.

मग लिहायचं काय? मी आधी पाहते का त्या जोडणीतून वाहते काय आणि कुठून कुठे. आपल्याकडचे मामा तलावच घे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार), भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव आहेत, कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. वरचा तलाव भरला का सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात, तिथून नहरीने बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांत, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, शेवटी एखाद्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. हे जाळं नाही, ही साखळी आहे, एकाच्या मागे एक, वरचा फुटला तर खालच्यावर संकट. तुझ्या पुस्तिकेत 'पुरवठ्याचं नेटवर्क' आहे, धान घरून गिरणीत, गिरणीतून व्यापाऱ्याकडे, तिथे साखळीच लिही. आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, तेव्हा पाणी तेच, पाळ (तलावाचा बांध) तीच, पण कोणी कधी पाणी सोडायचं, कोणी पाळ दुरुस्त करायची ही घडी मोडली. त्या घडीला व्यवस्था म्हणायचं. कोणीतरी अधिकारी किंवा कमिटी बसून चालवते ती यंत्रणा. प्रणाली म्हणजे काम करायची ठरलेली पद्धत. हे तिन्ही लोक एकाच अर्थाने लिहितात, मला ते खटकते, कारण 'यंत्रणा कोलमडली' म्हटलं तर जबाबदार माणूस असतो, 'प्रणाली चुकली' म्हटलं तर कोणीच नसतो.

विजेच्या तारांसाठी जाळं ठीक आहे, पण गावात लाईन म्हणतात, मोबाईलला टावर नाही म्हणतात, तसंच राहू दे, तिथे मराठी शब्द शोधत बसू नको.

माणसांचं मात्र मन लावून कर. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते (पुण्याच्या वाचकाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल, तर एक ओळ समजावून लिही). सोयरेधायरे येतात, घरोघरी पाहुणे, दुपारी दंडार (आपल्याकडचं लोकनाट्य), रात्री नाटक, आणि त्याच गर्दीत कोणाची पोरगी कोणाच्या पोरासाठी पाहायची ते ठरते, कोणाच्या वावरात यंदा कोणतं धान चांगलं झालं तेही कळते. तिथे आलेला एकही माणूस मी संपर्क वाढवायला आलो म्हणत नाही, तो भेटायला आलेला असतो. तुझ्या पुस्तिकेतलं नेटवर्किंग ते हेच.

याला शब्द भरपूर आहेत पण प्रत्येकाचा रंग वेगळा. गणगोत, गोतावळा म्हणजे नात्याचे. उठबस ज्यांच्यात रोज बसतो त्यांच्याशी. घरोबा म्हणजे चुलीपर्यंत जाता येते. ओळखपाळख हलकी, बाजारात रामराम होण्याइतकी. जनसंपर्क पुढाऱ्याचा किंवा ऑफिसचा. लागेबांधे आणि साटंलोटं हे चुकूनही लिहू नको, त्यात स्वार्थाचा वास आहे, कंपनीचे खरेदीदारांशी लागेबांधे आहेत असं छापलं तर उद्या सभासदच जाब विचारतील. वशिला तर नाहीच.

माझा सगळ्यात आवडता शब्द गाठ. मी तलावाच्या पाळीवर एका ढिवर काकाला जाळं शिवताना तासभर पाहिलं आहे, अंगठ्याला दोरा ताणून, एक गाठ, तेवढंच अंतर सोडून दुसरी. ते म्हणाले दोरा जुना असला तरी चालते, गाठ सरकली का मासा गेला. आणि हाच शब्द आपण माणसाला वापरतो, गाठ पडली, गाठ घेतली, गाठीभेटी, लग्नगाठ. तुला दोन्ही इंग्रजी शब्द एकमेकांशी जोडून दाखवायचे असतील तर मराठीत तो जोड आधीच गाठीत आहे. तांत्रिक भागात जिथे दोन तारा किंवा दोन रस्ते मिळतात त्या जागेलाही गाठच म्हण, चित्र डोळ्यासमोर येते.

आणि नामाच्या मागे लागू नको, क्रियापद घे. 'सभासदांनी नेटवर्किंग करावे' याचं मी 'सभासदांनी आजूबाजूच्या गावांतली माणसं जोडावी' असं करेन. 'मजबूत नेटवर्क उभारणे' तिथे 'दहा गावांचे गट एकमेकांशी जोडणे'. उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या कामात बघ, गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ, कुठेही जाळं शब्द लागला नाही आणि बायांना रचना पाठ आहे. तुझ्या कंपनीलाही असेच थर असतील तर त्यांची नावंच लिही.

पहिल्या प्रकरणाचं पान टाक इथे, ज्या ओळी अडतात त्या आपण एकेक करून बघू. आणि छापायच्या आधी दोन-तीन कास्तकारांना मोठ्याने वाचून दाखव, जिथे ते थांबून "म्हंजे?" म्हणतील तिथला शब्द बदल.