ढगातली हवा रडारला कशी कळते?

प्रश्न : ‘डॉप्लर रडारने ढग टिपला’ असं बातम्यांत सांगतात. पण गारांच्या ढगात हवा वर चाललीय की खाली, हे लांबून कसं कळतं? हवा तर दिसत नाही. – एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. पावसाचा वेध घेणाऱ्या नेहमीच्या रडारलाही ढगात हवा दिसत नाही. दिसतात ते थेंब आणि गारा. रडार रेडिओलहर सोडतं, ती थेंबांवर आपटून परतते. थेंब रडारकडे येत असेल तर परतलेल्या लहरीची कंपनं किंचित वाढतात, लांब जात असेल तर घटतात; हाच डॉप्लर परिणाम. १० सेंटिमीटर लांबीची लहर सेकंदाला ३ अब्ज कंपनं करते. थेंब सेकंदाला १० मीटरने जवळ येत असेल, तर त्यात फरक पडतो अवघा २०० चा. तेवढा हुडकायचा!

खरी मेख पुढे आहे. रडार सरळ वर रोखलंय आणि थेंब ३ मीटरने खाली येताना दिसतोय. म्हणजे हवा खाली येतेय? मुळीच नाही. ५ मिलिमीटरचा टपोरा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ९ मीटरने पडतो. इथे तो ३ नेच पडतोय, म्हणजे हवा ६ मीटरने वर चाललीय. पण हे गणित थेंबाचा आकार ठाऊक असेल तरच जमतं. आकार चुकला की हवाही चुकली.

म्हणूनच तिरुपतीजवळच्या गादंकीच्या रडारवर माझा फार जीव. मोकळ्या रानात १०२४ अँटेना ओळीने उभ्या आहेत. लहर साडेपाच मीटरहून लांब, त्यामुळे हवेतल्या खळबळीवरूनही ती परतते. भर पावसातला तिथला वेगांचा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा खिळून राहिलो. एकाच उंचीवर दोन उंचवटे : एक पडणाऱ्या थेंबांचा, दुसरा खुद्द हवेचा. आकाराचा अंदाज बांधायची गरजच नाही.

लांबचा ढग तिरका पाहणाऱ्या रडारला मात्र फक्त स्वतःकडे येणारा किंवा लांब जाणारा वेग कळतो. तिथे दोन रडार दोन बाजूंनी लावतात. खाली चहूकडून हवा गोळा होताना दिसली, की ती वरच जाणार, हे हिशेबाने काढता येतं.

आता तुमच्या बागेवरची गार. २ सेंटिमीटरची गार सेकंदाला १५-२० मीटरने पडते. ती वर अधांतरी वाढत होती, तेव्हा तिच्याखालची हवा जवळपास तेवढ्याच जोराने वर चढत होती.