बाळ रडलं की माझा हात थरथरतो

प्रश्न: वर्षभर शेजारच्या मुलांचे फोटो काढतेय, सगळ्यांना आवडतात. पहिल्यांदाच पैसे घेऊन बोरन्हाणाची ऑर्डर घेतली, बाळ रडायला लागलं, मागे सगळे नातेवाईक बघतायत, मी गडबडले आणि निम्मे फोटो हलले. आता दुसरी ऑर्डर घ्यायची भीती वाटते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, फोटो हलले ते बहुतेक शटर स्पीड (कॅमेऱ्याचा पडदा किती झटकन उघडून मिटतो तो वेग) कमी पडल्यामुळे, तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. रांगणाऱ्या बाळाला निदान १/२५० सेकंद ठेवा, पळणाऱ्याला १/५००, त्यासाठी आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो त्याचा आकडा) १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी बिनधास्त करा, फोटोत थोडे दाणे, म्हणजे बारीक ठिपके, दिसले तर चालतं पण हललेला चेहरा नंतर नीट होत नाही. हे घरून निघतानाच सेट केलं की तिथे डोकं फक्त बाळाकडे राहतं.

आणि अर्धा तास आधी पोचा. कॅमेरा बॅगेतच, आधी जमिनीवर बसून बाळाशी खेळा, मग त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच फोटो काढा. पाट खिडकीजवळ मांडायला सांगा. बोरं, चुरमुरे डोक्यावरून ओततात तो क्षण दोन सेकंदात संपतो, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा की थोडं थोडं, दोन-तीनदा ओता, आणि तेव्हा बर्स्ट मोड (बटण दाबून धरलं की भराभर सलग फोटो निघतात तो) लावा.

रडलं तर रडू द्या हो! आईच्या कुशीत घेऊ दे, तोवर हलव्याचे दागिने, इवलीशी मूठ टिपा. मला तर तेच फोटो जास्त जवळचे वाटतात. पुढची ऑर्डर नक्की घ्या, त्याआधी एखाद्या भाच्यावर हे सगळं एकदा करून बघा.